हिरव्या पेन्सिलींची पेटी

मित्रांनो, जुनी लाकडी पेटी म्हटलं की तुम्हाला दागिने आठवत असतील, नाहीतर कुणीतरी जपून ठेवलेली पत्रं. मी त्यातली नाही. मला कुलूप नव्हतं, साधी कडीसुद्धा नव्हती. माझ्या पोटात आयुष्यभर हिरव्या पेन्सिली राहिल्या आणि त्या उचलायला कुणाची परवानगी लागत नसे.

पेटी होण्याआधी मी एका बाकाची फळी होते. गणिताच्या वर्गात, खिडकीकडच्या रांगेत, अगदी मागे. त्या बाकाचा पाय मोडला तेव्हा त्याला उचलून कॉलेजच्या मागच्या सुतारखोलीत नेऊन टाकलं. तिथे भुश्यात पडून मी चुलीची वाट बघत होते म्हणा ना. पण एके दिवशी एक तरुण प्राध्यापिका हातात आलेखाचा कागद घेऊन आल्या. कागदावर त्यांनी एक पेटी काढली होती, लांबट, वर सरकतं झाकण, आणि आत पेन्सिली उभ्या राहतील अशी भोकं असलेली फळी.

कॉलेजचे सुतार कानावर पेन्सिल खोचून बसलेले असत. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, पोरांना लिहायला पेन्सिलीसुद्धा आता कॉलेजच देणार काय? मॅडम म्हणाल्या, लिहायला नाही, तपासायला. दर शुक्रवारी छोटी चाचणी होईल आणि ज्याचा पेपर त्यानंच तपासायचा.

काकांच्या हातातला रंधा थांबला. "म्हणजे मी केलेलं टेबल मीच पास करायचं?"

"तुम्ही करत नाही?"

काकांनी जरा विचार केला. "करतो की. डुगडुगलं तर आधी मलाच कळतं."

त्या फळीवर कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं एक अर्धवट समीकरण होतं. काकांनी रंधा मारताना तेवढा भाग सोडला आणि तो माझ्या तळाशी आला. मॅडमना ते फार आवडलं. समीकरण चुकीचं होतं, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मग माझं काम सुरू झालं. शुक्रवारी मी वर्गात आले की मॅडम फळ्यावर दोन प्रश्न लिहीत. मुलं ते सोडवत. वेळ संपली की मॅडम म्हणत, "पेनं दप्तरात." सगळी पेनं खरंच दप्तरात जात, झिपा लागत, आणि मग मी पहिल्या बाकावरून निघे. एकानं पेन्सिल घ्यायची, मला शेजाऱ्याकडे सरकवायचं, त्यानं मागे द्यायचं. खिडकीच्या रांगेतून भिंतीच्या रांगेत जाईपर्यंत माझं पोट रिकामं होई. तेवढ्यात मॅडम फळ्यावर पहिल्या ओळीपासून उत्तर सोडवायला लागत. मुलं एका डोळ्यानं फळा बघत, एका डोळ्यानं स्वतःचा कागद, आणि हिरव्यानं खूण करत जात. शेवटी स्वतःला गुण द्यायचे आणि खाली एक ओळ लिहायची: चूक कुठे झाली आणि का झाली. मॅडम ते गुण जसेच्या तसे नोंदवत. एक अर्धा गुणसुद्धा त्या कधी इकडचा तिकडे करत नसत.

स्टाफरूममध्ये याची बरीच थट्टा झाली. रसायनशास्त्राचे सर तर रोज चहाला विचारायचे, "मॅडम, मुलांना कशाला त्रास? घरूनच मार्क कळवा म्हणावं." विभागप्रमुखांनी दोनदा बोलावून घेतलं. मॅडम भांडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणत की, मी तपासलं तर मुलं गुण बघतात, त्यांनी तपासलं तर चूक बघतात.

मुलं खोटं बोलत नसत का, असं तुम्ही विचाराल. बोलत. ते मला आधी कळे, कारण माझी पेन्सिल त्यांच्या हातात असे. खरी खूण पटकन उमटते. खोटी खूण करण्याआधी पेन्सिल कागदाच्या वर जरा थांबते, आणि मग नको इतकी दाबली जाते. एका वर्षी एक मुलगा होता, ज्याला सगळे लंबू म्हणत. त्याच्या हातून माझ्या पेन्सिलींची टोकं फार मोडायची. तो दर शुक्रवारी स्वतःला पैकीच्या पैकी देई. वार्षिक परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा सगळ्या चाचण्या हातात घेऊन मॅडमच्या खोलीत आला.

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"पेपर तुझा होता," मॅडम म्हणाल्या. "ये, बस. पहिल्यापासून बघू." आणि त्यांनी मला त्याच्यापुढे सरकवलं. त्याला सगळं पुन्हा तपासायला बरेच दिवस लागले. पुढे तो पास झाला, नोकरीला लागला आणि कुठल्याशा गावाहून त्यानं मॅडमना एक खोकं पाठवलं. खोक्यात हिरव्या पेन्सिली होत्या. चिठ्ठी नव्हती.

शनिवार-रविवार मी मॅडमच्या घरी असे. जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगाशेजारी. तिथे मॅडमची लेक मला ताब्यात घेई. सगळ्या पेन्सिलींना टोक काढणं हे तिचं काम. ती वर्तमानपत्र पसरून बसे, साल न तुटता किती लांब निघते ते बघे आणि सोबत आईला प्रश्न विचारून भंडावून सोडे. हिरवाच रंग का? लाल का नाही? "लाल रंग दुसऱ्याचा असतो गं," मॅडम म्हणत. मुलीला ते कळलं नसावं, पण तिनं मान डोलावली. टोक काढून झालं की माझ्या भोकांत एकेक पेन्सिल उभी करताना ती माझ्या पोटात तोंड घालून वास घेई. लाकडाचा, शिशाचा आणि मुलांच्या घामट हातांचा वास. मला वाटतं, घरात मला सगळ्यात जास्त कुणी ओळखत असेल तर तीच.

मुलगी मोठी झाली. गणितापासून तिनं सभ्यपणे फारकत घेतली आणि पुस्तकांकडे वळली. दुसऱ्या शहरात एका ग्रंथालयात ती काम करू लागली. मॅडमनी ते मनाला लावून घेतलं नाही. फक्त टोक आता त्यांनाच काढावं लागे आणि त्यांची साल लवकर तुटे.

वर्षं गेली. माझे कोपरे झिजले, झाकण सैल झालं. मॅडमच्या वेणीचा अंबाडा झाला, अंबाडा पांढरा झाला. निवृत्ती जवळ आली. आणि एका शुक्रवारी फळ्यावर एक गोष्ट घडली.

प्रश्न संकलनाचा होता. त्यात मधल्या ओळीत वजा आणि वजा एकत्र येतात आणि त्यांचं अधिक होतं. हे उदाहरण मॅडमनी माझ्यादेखत इतक्या वेळा सोडवलं होतं की मलाही पाठ झालं होतं. त्या दिवशी त्यांनी एकच वजा लिहिला आणि पुढे गेल्या. उत्तर चुकलं. वर्गात बऱ्याच मुलांचं उत्तर बरोबर आलं होतं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या बरोबर उत्तरावर हिरवी फुली मारली. मॅडमचा फळा चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. खाली त्यांनी लिहिलं, चिन्हात गडबड झाली, घाई केली. मित्रांनो, मला हात असते तर मी त्या पेन्सिली परत ओढून घेतल्या असत्या.

त्या वर्गात एक वयानं मोठी विद्यार्थिनी होती. संसार, मुलं, सगळं मार्गी लावून ती पुन्हा शिकायला आली होती. मुलं तिला मावशी म्हणत, आणि मला मॅडमच्या खोलीतून वर्गात आणायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. पुढच्या शुक्रवारी तिनं मला टेबलावर ठेवलं, दार लोटलं आणि वर्गाकडे वळली.

तिनं सांगितलं की मागच्या वेळचं उदाहरण तिनं घरी पुस्तकात पाहिलं. फळा चुकला होता. एक मुलगा म्हणाला, मग सांगून टाकू की. मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला.

"एकदा झालंय, मला वाटतं पुन्हाही होईल," ती म्हणाली. "ऑफिसात कळलं तर त्यांना उद्याच घरी बसवतील. आपण आपलं बरोबर तपासायचं आणि गप्प बसायचं. कुणी शहाणपणा करायचा नाही."

वर्गानं ऐकलं. आणि त्या दिवशी फळा पुन्हा चुकला, तेव्हा कुणाचीही मान हलली नाही. मुलांनी आपल्या बरोबर उत्तरांवर बरोबरच्या खुणा केल्या. खुणा पटकन उमटल्या. पण वर्गात एक वेगळीच शांतता होती, आजारी माणसाच्या खोलीत असते तशी. मॅडमनी एकदा मागे वळून पाहिलं. मग नेहमीप्रमाणे फळ्यावरचं उत्तर एका कागदावर उतरवून घेतलं आणि फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरच्या टेबलावर होते. मॅडमची लेक चार दिवसांच्या रजेवर आली होती आणि खिडकीत वाचत बसली होती. मॅडम चाचण्या बघत होत्या. एक कागद बाजूला ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगळ्यांनी खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

लेकीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. मॅडमनी कागद तिच्यापुढे सरकवले. फळ्यावर एक उत्तर, मुलांच्या कागदावर दुसरंच, आणि तरी प्रत्येकानं स्वतःला पूर्ण गुण दिलेले. एकानं नाही, सगळ्या वर्गानं. ठरवून. मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण त्या माझ्यावरून हात फिरवत होत्या, जायला निघालेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"इतकी वर्षं लोक हसले, मी हसू दिलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी ही पेटी स्टोअररूममध्ये देऊन येते. आता मीच तपासेन. लाल पेनानं."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. लेकीनं कागद ओढून घेतले. गणित सोडून तिला जमाना झाला होता, पण उत्तर खरं की खोटं हे बघायची रीत तिला आईनंच शिकवली होती: संकलनाच्या उत्तराचं उलट विकलन करायचं, मूळ प्रश्न परत मिळाला पाहिजे. तिनं वर्तमानपत्राच्या कडेला मुलांचं उत्तर उलट करून पाहिलं. मूळ प्रश्न मिळाला. मग आईचं. मिळाला नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा नाही.

ती कागद हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मित्रांनो, तेव्हा तिला गप्प बसणं किती सोपं होतं. मुलं वाईट निघाली, एवढंच आईला वाटलं असतं. पेटी स्टोअररूममध्ये गेली असती, थोड्या महिन्यांनी निवृत्ती झाली असती, हार-तुरे झाले असते आणि आईला काही कळलं नसतं. फक्त ज्या मुलांवर तिनं जन्मभर विश्वास टाकला ती शेवटी खोटी निघाली, एवढं घेऊन ती घरी बसली असती.

मॅडम चहा घेऊन आल्या. लेकीनं आईनं फळ्यावरून उतरवलेला कागद टेबलावर ठेवला, माझ्यातून एक पेन्सिल काढली आणि त्यावर ठेवली.

"आई, हे तपास."

"हे माझंच आहे."

"म्हणून तर."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक खूण. दुसरी खूण. तिसऱ्या ओळीशी पेन्सिल कागदाच्या वर थांबली. मी श्वास रोखला होता, लाकडाला रोखता येतो तेवढा. पेन्सिल खाली आली आणि तिनं एक स्वच्छ गोल काढला, जिथे वजा हवा होता तिथे. मग मॅडमनी पुढच्या ओळी तपासल्या, स्वतःला गुण दिले, अर्धे, आणि खाली लिहिलं: तिसरी ओळ. वजा दोनदा यायला हवा होता, एकदाच आला.

त्यानंतर 'का' लिहायचं होतं. पेन्सिल तिथेच टेकून राहिली. चहावर साय आली.

"का झालं, ते येत नाहीये मला," मॅडम म्हणाल्या.

"राहू दे."

"मागच्याही आठवड्यात झालं असेल."

"असेल."

"पोरं खोटं नाही बोलली."

"नाही, आई. ती बरोबर होती."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तुला लागेल म्हणून."

मॅडमनी मान हलवली. लागलं होतंच. त्यांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला, कप बशीत ठेवला आणि मग एवढंच म्हणाल्या, "तू मात्र सांगत जा. मी चिडेन, तुला बोलेन. तरी सांगत जा."

लेक हो म्हणाली.

सोमवारी मॅडम स्वतःच प्राचार्यांना भेटल्या, झालेलं सांगितलं आणि हे सत्र पुरं करायची मुभा घेऊन आल्या. शुक्रवारी त्या वर्गात आल्या आणि सगळ्यांच्या आधी बोलल्या. दोन चाचण्यांत फळा चुकला होता. पहिल्या चाचणीत ज्यांनी बरोबर उत्तरावर फुली मारली त्यांनी ती खोडावी. तुम्ही माझ्यावर माया केलीत ते कळलं, त्या म्हणाल्या, पण मला सांगितलं नाहीत आणि मी तुम्हालाच खोटं समजले. मावशी खाली बघत होती. मॅडमनी खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या की यापुढे उत्तर वर्गातलं कुणीतरी सोडवेल. आणि त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. दोन्ही प्रश्न त्यांनी कागदावर सोडवले, पेन पर्समध्ये टाकलं, आणि मी समोर आले तेव्हा इतरांसारखीच एक पेन्सिल घेतली.

"मॅडम, शेजारच्याचं बघू नका हं," मागून एक आवाज आला.

वर्ग हसला. मॅडम सगळ्यात जास्त हसल्या. ते सत्र असंच गेलं. कधी त्यांना पैकीच्या पैकी मिळत, कधी मिळत नसत. मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीतले ते सगळ्यात चांगले शुक्रवार होते.

सत्र संपल्यावर त्या निवृत्त झाल्या. निरोपाला भाषणं झाली. रसायनाच्या सरांनी बोलायला सुरुवात केली आणि ते अर्ध्यातच खाली बसले. मग मी कायमची घरी आले. त्या वर्गात आता फोनवर चाचणी होते आणि गुण आपोआप पडद्यावर येतात, असं मावशी एकदा सांगत आली होती. पटकन होतं, ती म्हणाली. असेलही. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मी कपाटावर गेले. माझ्यावर आधी धूळ बसली, मग औषधांच्या चिठ्ठ्या, मग जुने चष्मे.

लेक ग्रंथालयातली नोकरी सोडून आईजवळ राहायला आली. संध्याकाळी दोघी टेबलाशी बसत. मॅडम विचारत, आज काय चुकलं? आणि लेक सांगे. गॅस चालू राहिला होता. शेजारणीला तू तिच्या मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारलीस. आंघोळ दोनदा केलीस. कधी मॅडम चिडत, कधी ताट सरकवून उठून जात. एकदा त्या म्हणाल्या, तुला माझ्या चुका काढायला मजा येते. लेक त्या दिवशी बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभी होती. पण दुसऱ्या संध्याकाळी विचारलं गेलं, तेव्हा तिनं पुन्हा सांगितलं. शब्द मऊ असत, पण खरं तेच असे.

पुढे विचारणंही थांबलं. गणित गेलं, कॉलेज गेलं, माणसांची नावं गेली. लेकीला त्या कधी ताई म्हणत, कधी नर्स. पावसाळा संपता संपता एका दुपारी लेक त्यांचे केस विंचरत होती. मॅडमनी एकाएकी विचारलं,

"मी काय करायचे गं?"

"शिकवायचीस. कॉलेजात. गणित."

"चांगलं शिकवायचे?"

"फार चांगलं."

मॅडमनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कोण आहे ते त्यांना आठवलं नसावं. पण या बाईच्या तोंडून आपण कधी खोटं ऐकलेलं नाही, एवढं कुठेतरी खोल राहिलं होतं.

"तू म्हणतेस म्हणजे असेल," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून केस विंचरून घेऊ लागल्या.

थंडी सुरू होण्याआधी त्या गेल्या.

मित्रांनो, माझी काही तक्रार नाही. मला पुसलं नाही तरी चालेल, माझं झाकण तर केव्हाच हरवलं. तुमच्याकडे मागणं एकच आहे. तुमच्या माणसाचं काही चुकलं तर त्याला सांगा. चारचौघांत नको, लाल रंगानं नको, पण सांगा. जड जाईल. तो चिडेल. तरी सांगत राहा. कारण एक दिवस तो तुम्हाला विचारेल, माझं बरं झालं का, आणि तेव्हा तुमच्या 'हो'वर त्याचा विश्वास बसायला हवा.